थायरॉइडची गाठ काढल्यावर स्लाइडवर काय दिसतं?

प्रश्न: माझी आई ५२ वर्षांची, राहणार गडहिंग्लज. तिच्या थायरॉइडची उजवी बाजू कोल्हापुरात ऑपरेशन करून काढली. तपासणीच्या रिपोर्टात ‘नोड्युलर कोलॉइड गॉयटर, सोबत लिम्फोसायटिक थायरॉयडायटिस, कॅन्सर आढळला नाही’ असं लिहिलंय. शेजारच्या कॉटवरच्या ताईंचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं, त्यांना मात्र ‘पॅपिलरी कार्सिनोमा’ निघाला. आमच्याकडं थायरॉइडचे कोणते आजार जास्त निघतात? कॅन्सर वाढलाय का? आणि आईच्या रिपोर्टावर किती विश्वास ठेवायचा?

उत्तर:

आईंचं आधी सांगतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. रिपोर्ट चांगला आहे. कोलॉइड गॉयटर म्हणजे साधा गलगंड. ऑपरेशन करून काढलेल्या थायरॉइडमध्ये सगळ्यात जास्त वेळा हाच निघतो. लिम्फोसायटिक थायरॉयडायटिस म्हणजे शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी थायरॉइडवर उलटल्यात. कॅन्सर सोडून बाकीच्या आजारांत गलगंडाच्या खालोखाल तो दिसतो, आणि दोन्ही एकाच ग्रंथीत सापडणं आम्हाला रोजचं आहे. गलगंड ही कॅन्सरची पहिली पायरी नव्हे, त्यामुळे ‘वेळेत काढली म्हणून वाचलो’ असंही मनात आणू नका.

आता तुमचा मोठा प्रश्न. मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट आहे. ऑपरेशन थिएटरमधून बाटलीत आलेले अवयव कापायचे, त्यांच्या स्लाइड करायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचायच्या, हे माझं काम. कोल्हापुरात बसून मला इचलकरंजी, निपाणी, चंदगडपासून घाटाखालच्या वैभववाडी-कणकवलीपर्यंतच्या पेशंटच्या थायरॉइड बघायला मिळतात. एवढ्या मुलखातल्या ग्रंथी नजरेखालून जातात म्हटल्यावर या भागातल्या थायरॉइडच्या आजारांचा नकाशाच माझ्याकडे असणार, असा लोकांचा समज होतो. तसा नकाशा माझ्याकडे नाही. सुरीपर्यंत पोचलेली ग्रंथीच फक्त माझ्याकडे येते, आणि थायरॉइडचे बहुतेक पेशंट सुरीपर्यंत कधी जातच नाहीत.

थायरॉइडची सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे ग्रंथी मंदावणं. त्या बायका रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेतात. त्यांच्या ग्रंथीचा तुकडा मी कधी पाहत नाही. ग्रंथी जास्त काम करते तो ग्रेव्ह्ज नावाचा आजार कार्बिमाझोलच्या गोळ्यांनी किंवा किरणोत्सारी आयोडिनने आटोक्यात येतो. त्यातले थोडेच ऑपरेशनला जातात. बाळंतपणानंतर काही महिने होणारी थायरॉइडची सूज बहुधा आपली आपण ओसरते. विषाणूच्या तापानंतर गळा दुखून येणारा डी क्वेर्व्हेनचा आजार वेदनाशामक गोळ्यांवर बरा होतो. ऑपरेशनला येतात त्यांची कारणं निराळी असतात. कुणाची गाठ मोठी होऊन श्वासनलिका दाबते, कुणाच्या सुईच्या तपासणीत शंका येते, कुणाची सोनोग्राफी चांगली दिसत नाही. आणि आपल्याकडे एक कारण कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं: मुलीचं लग्न ठरायचंय आणि गळ्याची गाठ दिसते. अशा तरुण मुलींच्या निरुपद्रवी गाठी मी पुष्कळ पाहिल्यात.

त्यामुळे एखाद्या रुग्णालयाच्या अभ्यासात काढलेल्या ग्रंथींपैकी पाचवा हिस्सा कॅन्सरचा निघाला असं समजा. म्हणून गळ्यात गाठ असलेल्या दर पाच बायकांत एकीला कॅन्सर आहे असा अर्थ होत नाही. आयोडिनची कमतरता नसलेल्या मुलखातसुद्धा साधारण ५ टक्के बायकांत आणि १ टक्का पुरुषांत हाताला लागेल अशी थायरॉइडची गाठ असते. सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तर वेगवेगळ्या पाहण्यांत १९ पासून ६८ टक्क्यांपर्यंत लोकांत काही ना काही सापडतं. तपासायला घेतलेल्या गाठींत कॅन्सर निघण्याचं प्रमाण ७ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान सांगितलं जातं. आमच्या टेबलावर ते वाढलेलं दिसतं, कारण सर्जनने आणि सुईने आधीच गाळणी लावलेली असते. ही गाळणी जितकी चांगली, तितकं कॅन्सरचं प्रमाण जास्त. एखाद्या ठिकाणी कॅन्सर सर्जन बसू लागला की वर्षभरात तिथल्या लॅबचा आकडा बदलतो. गावातला आजार तोच असतो.

अशा आकड्यांवरून भूगोल मांडायचा मोह फार होतो. उदाहरणार्थ, कोकणातून येणाऱ्या थायरॉइड कमी दिसल्या तर ‘ते समुद्राचे मासे खातात, आयोडिन मिळतं’ असं लगेच म्हणावंसं वाटतं. पण सावंतवाडीचा पेशंट आंबोली चढून माझ्याकडे येण्यापेक्षा गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जातो, हे कारण त्याहून साधं आहे. तसंच बेळगावकडच्या लोकांचं. सरकारी कॉलेजांत एम.डी. करणारी मुलं दरवर्षी ‘थायरॉइडच्या विकृतींचा अभ्यास’ असा प्रबंध घेतात. त्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, की तुझ्याकडे न आलेले पेशंट कुठे गेले? प्रबंधाला ते रुचत नाही.

एवढं सगळं ध्यानात ठेवून बाटलीत काय येतं ते सांगतो.

मोठ्या माणसाची निरोगी थायरॉइड १५ ते २५ ग्रॅमची असते. गलगंडाची ग्रंथी शंभर ग्रॅमच्या पुढे गेलेली सहज भेटते. बाहेरून गाठाळ, वेडीवाकडी, एक बाजू मोठी, एक लहान. कापली की आतून चिकट, तांबूस, चकचकीत पदार्थ वर येतो. गुऱ्हाळातली काकवी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हाच कोलॉइड, म्हणजे थायरॉइडने हार्मोनचा कच्चा माल साठवलेलं भांडार. ग्रंथीत सूक्ष्म गोल पिशव्या असतात, त्यांना फॉलिकल म्हणतात, आणि कोलॉइड त्यांत भरलेला असतो. गलगंडात काही पिशव्या फुगून प्रचंड होतात, काही बारीकच राहतात. ग्रंथीला वर्षानुवर्षं ‘आणखी काम कर’ असा निरोप मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून टी.एस.एच.च्या रूपाने मिळत राहतो, पण सगळे भाग त्याला सारखा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून ती एकसंध न वाढता गाठीगाठीने वाढते. एखाद्या गाठीत रक्तस्राव होतो, तो जिरताना पोकळी होते, कडेने तंतू धरतात, चुना बसतो. ‘काल रात्री अचानक गाठ दुप्पट झाली आणि दुखायला लागली’ असं सांगत येणाऱ्या पेशंटमध्ये बहुतेक वेळा हा आतला रक्तस्राव असतो. घाबरगुंडी उडते, पण स्लाइडवर जुनं-नवं रक्त आणि ते खाऊन फुगलेल्या पेशी एवढंच दिसतं.

गलगंड म्हटलं की आयोडिन आलंच. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडिनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं. त्या कामाच्या आधारावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि १९९२ मध्ये त्याचं नाव बदलून त्यात आयोडिनच्या कमतरतेचे सगळेच आजार घेतले गेले. आज ग्राहकाच्या हातात पोचेपर्यंत मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडिन असावं असा दंडक आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदर बाईला २५० लागतं. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीसारख्या धो-धो पावसाच्या डोंगराळ तालुक्यांत मातीतलं आयोडिन धुऊन जातं, त्यामुळे तिथे मिठावरच भिस्त. आणि इथेच गोंधळ चालतो. लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ रोजच्या भाजीत पडतं. शहरात ‘नैसर्गिक’ म्हणून सैंधव वापरायचं फॅड आलंय. त्यात वेगळं आयोडिन घातलेलं नसेल तर गरज भागत नाही. मीठ उघड्या बरणीत चुलीशेजारी राहिलं तरी आयोडिन उडतं. कोबी-फ्लॉवर मात्र उगाच बदनाम आहेत. शिजवून, घरात खातात तेवढा कोबी खाल्ल्याने कुणाला गलगंड होत नाही.

थायरॉयडायटिसचं चित्र अगदी वेगळं. जपानी सर्जन हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये चार बायकांच्या ग्रंथींवरून ते पहिल्यांदा वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव. ही ग्रंथी कापली तर काकवीचा मागमूस नसतो. फिकट, घट्ट, मांसल. सूक्ष्मदर्शकाखाली थायरॉइडच्या पिशव्यांच्या मध्ये लिम्फोसाइट या रोगप्रतिकारक पेशींचे थवे, आणि जागोजाग लसिकाग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) असतात तशी त्यांची गोल केंद्रं. थायरॉइडच्या उरलेल्या पेशी फुगून गुलाबी, दाणेदार होतात; त्यांना आम्ही हर्थल पेशी म्हणतो. तुमच्या आईंसारख्या रिपोर्टात ही सूज गलगंडाच्या सोबतीला असते, कधी तुरळक, कधी भरपूर. आयोडिन पुरेसं मिळू लागलेल्या मुलखात थायरॉयडायटिस जास्त दिसू लागतो हे जगभर नोंदलं गेलंय. म्हणून मीठ सोडायचं असं नव्हे. गलगंड आणि मुलांची खुंटलेली बुद्धी यांच्यापुढे तो सौदा केव्हाही परवडतो.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट अशी की थायरॉइडची अर्धी बाजू काढल्यावर उरलेली बाजू पुरेसं हार्मोन तयार करेल का, हे बरंचसं या सुजेवर ठरतं. रिपोर्टात थायरॉयडायटिस असेल तर पुढे ग्रंथी मंदावण्याची शक्यता वाढते. आईंना थकवा, बद्धकोष्ठता, वजन वाढणं याची वाट न पाहता ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांनी टी.एस.एच. करून घ्या, आणि पुढेही सर्जन सांगतील तसं करत राहा.

पुरुषांबद्दल एक वाक्य. थायरॉइड हा बायकांचा आजार, बाटल्यांवरची नावं पाहिली तरी कळतं. पण गाठ पुरुषाला असेल तर ती कॅन्सरची निघण्याची शक्यता तुलनेने जास्त असते, आणि पुरुषमंडळी मफलरखाली ती लपवून हिंडत असतात.

आता सुईची तपासणी आणि तिची मर्यादा, कारण लोकांचा सगळ्यात मोठा राग यावर असतो. ‘सुईत कळलं नाही तर सुई टोचली कशाला?’ बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेवर पसरतात. त्या वाचायची बेथेस्डा नावाची पद्धत जगभर वापरतात. तिची चर्चा २००७ साली अमेरिकेत बेथेस्डा इथे झाली, तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. तिच्यात सहा वर्ग आहेत. दुसरा वर्ग, म्हणजे निरुपद्रवी, आला तर कॅन्सर निघण्याची शक्यता सरासरी ४ टक्के. सहावा आला तर ९७ टक्के. पहिल्या वर्गाचा अर्थ नमुना पुरेसा आला नाही एवढाच. किमान सहा पुंजके आणि प्रत्येकात दहा तरी पेशी असल्याशिवाय आम्ही काही बोलत नाही. अडचण असते चौथ्या वर्गाची. ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’, शक्यता सरासरी ३० टक्के. इथे सुई हात टेकते, आणि ते आमच्या कौशल्यावर नसतं.

कारण असं. फॉलिक्युलर अडेनोमा ही निरुपद्रवी गाठ आणि फॉलिक्युलर कार्सिनोमा हा कॅन्सर, दोघांच्या पेशी एकेकट्या पाहिल्या तर सारख्याच. दोघांभोवती तंतूंची वेष्टनासारखी भिंत असते. फरक त्या भिंतीशी आहे: पेशी भिंत आरपार फोडून बाहेर पडल्यात का, किंवा भिंतीतल्या रक्तवाहिनीत शिरल्यात का? सुई भिंत ओलांडून आतल्या पेशी ओढून आणते; भिंत स्वतः कधीच काचेवर येत नाही. म्हणून पूर्ण गाठ काढून भिंत सगळीकडून तपासल्याशिवाय उत्तर नाही. ऑपरेशन चालू असताना गोठवून केलेल्या फ्रोझन सेक्शननेही हा प्रश्न क्वचितच सुटतो, कारण तेवढ्या वेळात भिंतीचे दोन-तीन तुकडेच बघता येतात. अशी गाठ आली की मी भिंतीचा शक्य तेवढा सगळा भाग ब्लॉकमध्ये, म्हणजे स्लाइड कापण्यासाठी मेणात बसवलेल्या तुकड्यांत, घेतो. टेक्निशियन कपाळाला हात लावतो, रिपोर्टाला दोन दिवस जास्त लागतात, नातेवाईक फोन करतात. पण जो तुकडा बघितलाच नाही त्यातच ती फूट असायची.

रक्तवाहिनीत शिरलेली ठिकाणं चार किंवा त्याहून जास्त असतील तर रिपोर्टात तसं ठळक लिहावं लागतं, कारण हा कॅन्सर रक्तावाटे फुप्फुसांत आणि हाडांत जातो. कधी उलट्या वाटेने येतो. एखाद्या आजीचं मांडीचं हाड किरकोळ कारणाने मोडतं, ऑर्थोपेडिक सर्जन तिथला तुकडा पाठवतात, आणि हाडात मला थायरॉइडच्या पिशव्या कोलॉइडसकट दिसतात. गळ्यातली गाठ कित्येक वर्षं जुनी असते, ‘त्रास नव्हता’ म्हणून ठेवलेली.

शेजारच्या ताईंच्या पॅपिलरी कार्सिनोमाकडे येऊ. थायरॉइडच्या कॅन्सरपैकी ८० टक्क्यांच्या वर हाच असतो, इथे आणि सगळीकडे. तो ओळखायचा पेशींच्या केंद्रकावरून. केंद्रकं मोठी, एकमेकांवर चढलेली, आतून रिकामी, काचेसारखी दिसतात. कित्येकांत उभी चीर असते, काहींत बाहेरचा भाग आत घुसून गोल डाग दिसतो. बोटांसारखी वाढ असेल तर उत्तमच, पण नसली तरी केंद्रकं पुरेशी असतात. थरावर थर चढलेले चुन्याचे सूक्ष्म गोळे दिसले की मी खुर्चीत ताठ बसतो. एक गंमत अशी की केंद्रकांचं ते रिकामेपण बरंचसं फॉर्मॅलिन (तुकडा कुजू नये म्हणून वापरायचं द्रावण) आणि पॅराफिन (मेण) यांच्या प्रक्रियेतून येतं. सुईने काढून काचेवर पसरलेल्या पेशींत आणि फ्रोझनवर ते तसं दिसत नाही. ज्या खुणेवर अर्धं निदान उभं आहे ती जिवंत पेशीत तशी नसतेच.

हा कॅन्सर मानेच्या लसिकाग्रंथींत लवकर जातो, आणि तरीही माणसं दीर्घकाळ जगतात. दहा वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. या कॅन्सरची अवस्था ठरवताना वयाला इतकं महत्त्व आहे की २०१८ पासून लागू झालेल्या पद्धतीत ५५ वर्षांखालच्या पेशंटला दूरवर पसरलेला असला तरी दुसऱ्या अवस्थेच्या पुढे गणत नाहीत. आधी ही वयोमर्यादा ४५ होती. मानेच्या बाजूच्या लसिकाग्रंथीत थायरॉइडच्या पिशव्या सापडल्या तर, त्या कितीही निरागस दिसोत, आम्ही पॅपिलरी कार्सिनोमाच समजून शोध घेतो. पूर्वी याला ‘भरकटलेली थायरॉइड’ म्हणून सोडून देत असत.

मग कॅन्सर वाढलाय का? सापडण्याचं प्रमाण वाढलंय, हे नक्की. त्यातला बराच वाटा शोधण्याचा आहे. फिनलंडमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दुसऱ्याच कारणांनी वारलेल्या १०१ जणांच्या थायरॉइड पातळ कापून पाहिल्या, तर ३५.६ टक्के ग्रंथींत पॅपिलरी कॅन्सरचे बारीक ठिपके होते. त्या माणसांना जिवंतपणी त्याचा पत्ताही नव्हता. दक्षिण कोरियात तपासणी शिबिरांसोबत गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. त्याने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. जपानमध्ये कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून एक सेंटिमीटरपेक्षा लहान, कमी धोक्याचे कॅन्सर ऑपरेशन न करता नुसते सोनोग्राफीने पाहत राहायला सुरुवात केली, आणि बहुतेकांच्या गाठी वर्षानुवर्षं वाढल्या नाहीत.

आमच्या टेबलावरही हेच घडतं. गलगंड म्हणून आलेल्या मोठ्या ग्रंथीत कोपऱ्यात चार मिलिमीटरचा पॅपिलरी कॅन्सर निघतो. मी ग्रंथीच्या चकत्या जितक्या पातळ करीन, जितके जास्त ब्लॉक घेईन, तितके असे ठिपके जास्त सापडतील. तो रिपोर्ट लिहिताना माझा हात जड होतो, कारण ‘कार्सिनोमा’ हा शब्द वाचून घरात जे होतं ते त्या चार मिलिमीटरच्या मानाने फार मोठं असतं. असा रिपोर्ट आला आणि ठिपका ग्रंथीच्या आतच, एकटा आणि पूर्ण निघालेला असेल, तर बहुतेकदा दुसरं ऑपरेशन लागत नाही. सर्जनला तसं स्पष्ट विचारा. माझं स्पष्ट मत आहे की कुठलीही तक्रार नसताना हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी करू नये. घराण्यात थायरॉइडचा कॅन्सर, लहानपणी मानेला दिलेली रेडिएशन, वाढत जाणारी गाठ, बसलेला आवाज, यातलं काही असेल तर जरूर करावी.

एका गाठीवरून तर कॅन्सरचं लेबलच काढलं गेलं. पूर्ण वेष्टनात बंद, केंद्रकं पॅपिलरीसारखी, पण भिंत कुठेही फुटलेली नाही, अशा गाठींना २०१६ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ‘निफ्टप’ असं नवं नाव दिलं आणि त्यातून कार्सिनोमा हा शब्द वगळला, कारण पूर्ण काढल्यावर त्या जवळपास कधीच त्रास देत नाहीत. जुन्या रिपोर्टात ‘फॉलिक्युलर व्हेरिअंट, एन्कॅप्स्युलेटेड, नो इन्व्हेजन’ असं काही असेल तर स्लाइड पुन्हा दाखवून घ्यायला हरकत नाही. अट एकच, की तेव्हा भिंत पूर्ण तपासलेली हवी.

बाकीचे कॅन्सर विरळ, पण दोन ध्यानात ठेवा. मेड्युलरी कार्सिनोमा थायरॉइडच्या सी-पेशींतून होतो, रक्तात त्या पेशींचं कॅल्सिटोनिन हे हार्मोन वाढतं, गाठीत अमायलॉइड नावाचा गुलाबी पदार्थ साठतो. त्यातले साधारण २५ टक्के आनुवंशिक असतात. म्हणून हा रिपोर्ट एका पेशंटचा राहत नाही. रेट जनुकाची तपासणी करावी लागते आणि ती सदोष निघाली तर भावंडं आणि मुलं यांचीही. आपल्याकडे सासरच्यांना कळू नये म्हणून हे लपवलं जातं, आणि दहा वर्षांनी बहीण तीच गाठ घेऊन येते. दुसरा अॅनाप्लास्टिक. सत्तरीच्या आसपासचं माणूस, जुना गलगंड, आणि आठवड्या-आठवड्याला वाढणारी दगडासारखी गाठ, घोगरा आवाज, गिळायला त्रास. यात दिवस मोजून हलावं लागतं. याच चित्रात कधी लिम्फोमा (लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर) निघतो, विशेषतः जुन्या हाशिमोतोवर, आणि त्याला औषधं चांगली लागू पडतात. म्हणून एवढी वाईट दिसणारी गाठसुद्धा तुकडा न तपासता सोडू नये. क्षयरोग थायरॉइडला आपल्या देशातही क्वचितच धरतो.

आईंच्या रिपोर्टावर किती विश्वास ठेवायचा, हे लॅबमध्ये पोचण्याआधी बाटलीचं काय झालं यावरही असतं. आपल्याकडे पुष्कळदा ती नातेवाईकांच्याच हातात देतात: ‘हे लॅबला नेऊन द्या.’ गाठ सलाइनमध्ये घातली, रात्रभर घरी ठेवली, किंवा अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबली, की पेशी कुजतात आणि केंद्रकं वाचता येत नाहीत. फॉर्मॅलिन गाठीच्या दहा पट असावं, बाटली रुंद तोंडाची असावी, तिच्यावर नाव, वय आणि उजवी की डावी बाजू लिहिलेलं असावं. हे घेताना पाहून घ्या, कुणी रागावणार नाही. रिपोर्टात ग्रंथीचं वजन, माप, गाठी किती, कापल्यावर कशा दिसल्या आणि किती ब्लॉक घेतले हे लिहिलेलं असेल तर ती नीट पाहिली गेली आहे. तीन ओळींत संपलेला रिपोर्ट मोठ्या गाठीसाठी मला पुरेसा वाटत नाही. शंका असेल तर ब्लॉक आणि स्लाइड मागून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. तो तुमचा हक्क आहे, आणि आम्हीही अवघड स्लाइड एकमेकांना दाखवतोच. मेणाचे ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतात, त्यांतून पुन्हा स्लाइड काढता येतात.

सुई लावल्याने किंवा गाठ ‘उघडी केल्याने’ कॅन्सर पसरतो ही भीती गडहिंग्लजपासून जयसिंगपूरपर्यंत सारखीच ऐकू येते. थायरॉइडच्या बारीक सुईच्या वाटेने पेशी रुजणं इतकं विरळ आहे की त्यापायी तपासणी टाळण्यात काही शहाणपण नाही. सुई टाळून थेट ऑपरेशनला गेलेल्या निरुपद्रवी गाठींच्या बाटल्या आमच्याकडे कितीतरी येतात.

शेजारच्या ताईंची भेट झाली तर त्यांना रिपोर्टातल्या चार गोष्टी बघायला सांगा: गाठीचं माप, ती ग्रंथीच्या बाहेर गेली आहे का, रक्तवाहिनीत शिरली आहे का, आणि लसिकाग्रंथी किती तपासल्या व किती बाधित निघाल्या. उरलेली बाजू काढायची की नाही आणि किरणोत्सारी आयोडिन द्यायचं की नाही, हे बरंचसं त्यांवर ठरतं. यातली एखादी ओळ रिपोर्टात नसेल तर लॅबला फोन करून पुरवणी रिपोर्ट मागता येतो.